बाईच्या हातचा डोळा

बाबा, तुम्ही गेलात तरी तुमच्यावरचा माझा राग गेला नाही. उद्या सिंदी मेघेच्या बायका माझ्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबाची कलमं शिकायला येणार आहेत, आणि कोणती पद्धत शिकवायची हे ठरवताना पुन्हा तुम्हीच आडवे येता.

पिपरी मेघेच्या आपल्या नर्सरीत तुम्ही पुढे, मी मागे. तुम्ही जंगली गुलाबाच्या सालीला छेद देता, त्यात चांगल्या जातीच्या फांदीवरचा कोवळा डोळा भरता आणि पुढच्या रोपाकडे जाता. मी वाकून पट्टी बांधते. एकदा मी सुरी मागितली. "बाईच्या हातचा डोळा धरत नाई," तुम्ही म्हणालात.

"काऊन?"

"काऊन म्हंजे? नाई धरत. तू पट्टी बांध."

वाफ्यापलीकडून आई म्हणाली, "लेकरं वाढली माह्या हातानं, अन् गुलाबाले चालत नाई काय?" मजूर हसले. तुम्ही हसला नाहीत. त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या नवऱ्याला बोलावून सुरी त्याच्या हातात दिलीत. तो बँकेतला कारकून. त्यानं भरलेले डोळे काळे पडले, तेव्हा दोष उन्हाला गेला. माझ्या वाट्याला तर उन्हाचं निमित्तही नव्हतं. मी न भरलेला डोळासुद्धा आधीच मेलेला होता.

म्हणून मी तुमची पद्धतच टाकून दिली. माझी पद्धत वेगळी: सावलीत टेबलाशी बसायचं, मुळं नसलेल्या जंगली काडीवर चांगल्या जातीची पान असलेली काडी जोडायची, चिमटा लावायचा आणि फवाऱ्याच्या ओलाव्यात ठेवायची. सांधा आणि मुळं बरोबरच येतात. जलद काम, आणि कुणाची परवानगी लागत नाही. शेतकऱ्यांच्या भर सभेत मी हिचे गोडवे गायले आहेत, टाळ्या घेतल्या आहेत. पण आपल्याकडच्या मे महिन्यात वीज जाऊन पंखे थांबले, की हीच रोपं आधी माना टाकतात. जमिनीत मुरलेल्या मुळांवर डोळा भरलेली रोपं उभी राहतात. याची मला चीड येते. तुम्ही गुलाबाबद्दल बरोबर होतात आणि माझ्याबद्दल साफ चूक, आणि दोन्ही एकाच तोंडानं बोललात.

पट्टी बांधणाऱ्याची नजर छेदाच्या सगळ्यात जवळ असते, हे तुमच्या लक्षातच आलं नाही. तुम्ही न शिकवता मी तिथूनच शिकले. उद्या आधी डोळा भरणंच शिकवणार, आणि सुरी प्रत्येकीच्या हातात असेल. ही पद्धत माझ्या बापाची, एवढं मात्र मी त्यांना सांगणार नाही. हजारांच्या सभेत न अडखळणारी मी त्या एका वाक्यावर अडखळते.