हात राखून

८ ऑक्टोबर १९५६, सिंदी मेघे
आज पुन्हा गालावर वार खाल्ला! वस्ताद सांगतात, नजर गदक्यावर नको, समोरच्याच्या छातीवर ठेव. ठेवली. पण चिंचेवर पोपट भांडायला लागले. डाव्या हातातली फरी — ताटलीएवढी चामड्याची ढाल ती — वर आलीच नाही. गदक्याच्या काठीवर कातडं गुंडाळलेलं असतं, तरी झणझणलं. माझा जोडीदार प्रेमदास हसून म्हणाला, "पोपटाले बोलाव न, फरी धरायले."
एकानं मारायचं, दुसऱ्यानं अडवायचं. शीर, तमाचा, कमर — डोकं, गाल, कंबर. मग उलट. पावसाळाभर तेच. मी एवढा टिकून कुठंच राहिलो नाही — ना शाळेत, ना ट्रकवर.

११ ऑक्टोबर
रामाजी ड्रायव्हर भेटला. "चाल न बे अमरावतीले! इथं काय काठ्या हाणून राह्यला?" मन लगेच गाडीत बसलं.
पण नत्थूजी वस्तादांचा कायदा आहे — आखाड्यात एकटा माणूस नसतो, जोडी असते. जोडी सुटली की घरी जा. प्रेमदाससमोर माझ्याशिवाय कोणी उभं राहत नाही. तो नालवाडीच्या महारवाड्यातला. हे कोणी बोलत नाही. म्हणतात, त्याचा हात जड आहे.
नाही गेलो.

१४ ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजा. मारुतीपुढे गदके, फऱ्या, पट्टे मांडले. शेंदूर, झेंडू. प्रेमदास नव्हता. तो आणि त्याची आई आनंदाबाई कालच नागपूरला गेले, दीक्षा घ्यायला. सगळी वस्तीच गेली. स्टेशनवर नुसते पांढरे कपडे! मलाही चढावंसं वाटलं त्या गाडीत — गर्दी बघायला. मी असाच.

१७ ऑक्टोबर
आला. प्रेमदासनं मातीला हात लावून कपाळाला लावला. वस्तादांना नमस्कार. मारुतीकडे गेला नाही.
आखाड्यातला हिरालाल तिथंच होता, त्याच्या जिभेला हाड नाही. "काऊन रे, देव बाटला काय तुहा?"
"देवाचं मले नाई माहीत, हिरालालभाऊ. मी बदललो."
सगळे वस्तादांकडे पाहू लागले. वस्तादांनी तंबाखू चोळली, चोळली, बराच वेळ चोळली. मग म्हणाले, "मातीले हात लावला ना त्यानं? मंग झालं. उभं राहा जोडीत."
मी विचार करतोय. आजवर प्रेमदास नमस्कार करायचा तो पायरीखालून. वर यायची सोय नव्हती. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. आता करत नाही, तर सगळ्यांना लागलं!

१९ ऑक्टोबर
वस्ताद म्हणाले, "जयवंता, तुहा हात कच्चा पडून राह्यला." मला तर नेहमीसारखाच वाटतो.

२२ ऑक्टोबर
प्रेमदासनं मधेच गदका टाकला.
"हात राखून काऊन मारतं बे? दया करून राह्यला मायावर?"
"नाई रे!"
"मंग?"
मी गदक्याचं कातडं आवळू लागलो. तो म्हणाला, "हिरालाल शिव्या देते, त्या तरी पुऱ्या देते. तू मारतं बी अर्धं." आणि गेला.
दया नाही, हे खरं. मग काय? तळ्यावर जाऊन बसलो. बगळे मोजत बसलो, मग ध्यानात आलं. माझ्या काठीचा वळ त्याच्या अंगावर उठला, तर हिरालाल म्हणणार — पाहा, मारुतीनं दाखवलं! म्हणून हात आपोआप अलीकडे थांबतो. मी त्याला जपतोय. पण त्याला विचारलं कुठं?

२३ ऑक्टोबर
आला नाही. हिरालाल खुशीत.

२५ ऑक्टोबर, कारंजा
गेलो शेवटी रामाजीबरोबर. ढाब्यावर झुणका हाणला. संत्र्याच्या बागा हिरव्यागार. एका मद्रासी ड्रायव्हरशी खुणांनी तासभर गप्पा! बरं वाटलं.
मग ढाब्यामागं हात फिरवून पाहिले. शीर, तमाचा, कमर. समोर कोणीच नाही. मग वार पुरा गेला की अर्धा, कळणार कसं? हवा सांगत नाही.
रामाजी म्हणाला, "पागल झाला काय बे?" त्याची गाडी पुढं गेली. मी उलट्या गाडीत बसलो.

२७ ऑक्टोबर, नालवाडी
आनंदाबाई दारातच. "आलं काय फिरस्तं! बस, चहा ठेवतो."
प्रेमदासला खरं ते सांगितलं. वळाचं, हिरालालचं, सगळं.
"म्हणजे हिरालाल काय म्हणन, ह्याच्यावर तुहा हात चालते?"
"आता नाई चालनार. उद्या येजो. पुरा मारतो."
"पाहू."

२८ ऑक्टोबर
पुरा मारला. शीर. प्रेमदासची फरी वर आली, जिथं यायची तिथंच आली — पण सैल. इतके दिवस माझे अर्धे वार झेलून त्याची पकडही अर्ध्याच वारापुरती राहिली होती. फरी उलटली, गदका मनगटावर. हाड वाजलं.
ती पकड मीच सैल केली. जपून जपून.
हिरालाल तोंडातून एक शब्द न काढता टांगा आणायला धावला. हेही लिहिलं पाहिजे.
वस्ताद एवढंच बोलले — "राखलेला हात समोरच्याले बिघडवते." प्रेमदासनं माझ्याकडे पाहिलं नाही.

२९ ऑक्टोबर
प्रेमदासच्या दारापर्यंत गेलो. परत आलो.

१ नोव्हेंबर
प्रेमदास आखाड्यात आला! डावा हात गळ्यात बांधलेला. मातीला हात लावला. उजव्या हातानं गदका उचलला आणि माझ्यासमोर उभा राहिला.
"फरी धर. आता मी मारतो."
मी म्हटलं, "दुखत असन रे."
"डावा दुखते. फरी धर."
पहिला वार डोक्यावर आला. पुरा.