हरभऱ्याचा एक घाटा

८ जानेवारी २००६, कुरुंदा

कुकरची शिट्टी आणि रिंग काढली. तळाला वाळू, वर ताटली, ताटलीत क्लेचे हरभऱ्याचे घाटे. केक करतात तसंच. माई (माझी धाकटी बहीण) पुण्याहून पॉलिमर क्ले, म्हणजे भाजली की टणक होणारी माती, पाठवते, पण तिकडच्या बायकांकडे ओव्हन असतो. पहिला घाणा करपला, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. धाकटी जाऊ रेखा नाकाला पदर लावून, "ताई, हे काय शिजवून राहिल्या?" हार तुझ्याच लेकाचा आहे बाई! रविवारी सोनूचं बोरन्हाण. हलव्याच्या दागिन्यांना मुंग्या लागतात, तुमच्या मातीचे करा, हे तीच म्हणाली होती.

११ जाने.

दुसरा घाणा जमला. एकवीस घाटे. हिरव्यात थोडा पिवळा कालवला, टोकं काढली, वर खडूच्या भुकटीची लव. रानातून खरा डहाळा आणून शेजारी ठेवला होता. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, खाण्यासाठी क्लेचाच घाटा उचलला! दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले.

माईचा फोन. मी क्लेच्या करून पाठवलेल्या हळदीच्या फुलांच्या कुड्या तिच्या ऑफिसातल्या बायकांना आवडल्या. पंचवीस जोड हवेत, महिनाअखेरपर्यंत. घराबाहेरच्या कोणी मागितलेलं हे पहिलंच काम. ह्यांना सांगितलं. "बरं" म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

१५ जाने.

 

सोनूच्या डोक्यावर मुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे आणि हरभऱ्याचे घाटे ओतले. ते खरे. गळ्यातले माझे. दीड वर्षाचं लेकरू, त्याला काय फरक कळणार? हाराला हिसका दिला, दोरा तुटला, एक तोंडात. बाकीचे गोळा करून मोजले तर वीस.

रेखा किंचाळली, "ताईनं जहर दिलं माह्या लेकराले!"

दोनदा बजावलं होतं तिला, फोटो झाला की हार काढ. का नाही काढला? तर हिंगोलीहून तिच्या माहेरच्या बायका आलेल्या, त्यांना मिरवून दाखवायचा होता. हे कोणी विचारत नाही! जीप करून वसमतला नेलं. डॉक्टर म्हणाले, श्वास ठीक आहे, केळी खाऊ घाला, दोन-तीन दिवसांत घाटा शीतून पडेल.



१६ जाने.

सकाळी क्लेची पेटी जागेवर नाही. हे म्हणाले, "माळ्यावर टाकली. आता ह्या घरात ते न्हाई." विचारलंसुद्धा नाही. दिवाळीत सोनूने ह्यांची तंबाखूची पुडी तोंडात घातली होती, तेव्हा कोणी तंबाखू माळ्यावर टाकली? तसं बोलले तर, "काहून वाद घालून राहिली?" चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि पंचवीस जोडांचं काय? ते तर कोणाच्या लक्षातही नाही.

१७ जाने.

अजून पडला नाही. मी वाढलेलं रेखा खात नाही. स्वतः उठून परत वाढून घेते, माझ्यासमोर. मीही भांडी आपटली.

एक लिहायचं राहिलं. फोटो झाला तेव्हा मी सोनूच्या शेजारीच होते. हात पुढे केला असता तर हार निघाला असता. पण हिंगोलीच्या बायका म्हणत होत्या, "अगं माय, खरेच घाटे की!" अजून थोडं ऐकावंसं वाटलं. हे कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही; सांगितलं तर रेखाची चूक कोणाला दिसणारच नाही.

१८ जाने.

सकाळी पडला. आत्याबाईंनी धुऊन, कागदावर ठेवून आणला. "बघ, जशाला तसा."

मी तो खिडकीशी नेला. लव गेली होती. टोक शाबूत, हिरवा रंग कुठे फिका नाही. कुकरात भाजलेलं इतकं टिकतं, माईला कळवायला हवं, असं मनात येऊन गेलं. मग विचारलं, सोनू कसाय?

रेखा त्याला कडेवर घेऊन दारातच उभी होती. म्हणाली, "आधी घाट्याले पाहिलं ताई तुमी. माह्या लेकराले मागून."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही भांडले असते.  सोनू माझ्याकडे हात पसरत होता. ती त्याला आत घेऊन गेली.

महिनाअखेरीला तेरा दिवस. ह्यांचा राग येतो, रेखाचा येतो, आजपासून स्वतःचाही येतो. माईला हो कळवू की नाही, ठरत नाही. आणि एवढं सगळं होऊनही ती पेटी मला हवीच आहे.