सुनीताचं डुलणं

धडगाव, मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज पुन्हा सुनीतावर ओरडले. चौथीचा वर्ग, उभं राहून धडा वाचायचा, आणि ही पोरगी सारखी डुलतेय. या पायावरून त्या पायावर. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून हेच. हेडसर याला वळवळ म्हणतात. माझी आई म्हणाली असती, बूड टेकत नाही. मी नोंदवहीत ‘चंचल’ लिहिलं, जरा बरं दिसतं म्हणून. थकले की असे तयार शब्दच हाताशी येतात.

शेवटी तिला हाताची घडी घालून बसवलं.

दुपारी खिचडी वाढताना स्वयंपाकाच्या मावशी हळूच म्हणाल्या, “मॅडम, नका रागवू तिला. वर्षभर भाऊ होता तिच्या कडेवर. आता आईबाप ऊसतोडीला गेले, बारक्याला पण घेऊन गेले. ही काकाकडे राहिली.”

कडेवर मूल असलं की बाई अशीच डुलते. माझी पिंकी तान्ही असताना मीही डुलायचे, बाजारात भाजी घेतानासुद्धा. मग मला कसं ओळखू आलं नाही?

‘चंचल’ खोडलं. दुसरं काही सुचेना, जागा तशीच सोडलीय. पाय ठणकतायत, वह्या तपासायच्या पडल्यात, आणि डोळ्यासमोर ती हाताची घडी. मीच घालायला लावलेली. सोडली नाही तिने, शहाण्यासारखी बसून राहिली. फक्त तास संपेपर्यंत ती घडी हलकेच झुलवत होती.