विहीणबाईंना, घडीच्या शिडीबद्दल

आदरणीय विहीणबाई,

तुम्हाला आणि व्याहीबुवांना नमस्कार. व्याहीबुवांचा खोकला बसला का, की अजून पाहुणे आले की जोर धरतो? इकडे मी बरी आहे. (पत्रात जितकं बरं असावं लागतं तितकी तरी नक्कीच आहे.) मागच्या खेपेला तुम्ही माझं अक्षर सुधारलं असं लिहिलंत, आनंद झाला. मोठेपणी गिरवलेलं अक्षर आहे, त्यामुळे शाळेत गेलेल्यांच्या अक्षरासारखं ते धावत नाही. जपून पावलं टाकतं. मीही तशीच टाकावीत अशी तुमच्या सुनेची इच्छा आहे, आणि त्यावरूनच हे पत्र.

मी पडले हे तुमच्या कानावर आलंच असेल. पण आमची मुलगी सांगते तेवढ्या उंचावरून पडले नाही. स्वयंपाकघरातला बल्ब गेला, म्हणून मी खुर्चीवर वाचनालयातून रद्दीत काढलेले जुने अंक रचले आणि त्यांवर उभी राहिले. (माणसाने ज्ञानाच्या पायावर उभं राहावं म्हणतात. ते गुळगुळीत कागदावर छापलेलं असेल तर राहू नये.) बल्ब बसला आणि पाठोपाठ मीही बसले, जमिनीवर. शेजारची शिवणकाम करणारी आवाज ऐकून धावत आली आणि मला उठवायच्या आधी तिने आमच्या मुलीला फोन लावला. गुडघ्यावरची खपली केव्हाच निघून गेली, पण विषय काही निघून जात नाही. तुमच्या चिरंजीवांनी, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, निकाल दिलाय. येत्या रविवारी दोघं येणार, घर बघणार, आणि मी एकटी राहण्याजोगं ते वाटलं नाही तर दाराला कुलूप लावून मला तुमच्याकडे घेऊन जाणार. कायमची. वाचनालयातलं काम सोडून. माझी सोय तुमच्याच खोलीत करायची असंही ठरलंय म्हणे. (मला सांगितलं त्याअर्थी तुम्हाला आधी विचारलं असेलच. नसेल विचारलं, तर आता कळलं.)

मला तुमच्याकडे यायचं नाही. तुम्ही वाईट म्हणून नव्हे. हे गेल्याला चार वर्षं झाली. या घरातली कुठली फरशी हलते ते मला अंधारातही कळतं. यांची खुर्ची मी अजून खिडकीकडे पाठ करून ठेवते, कारण ते तशी ठेवायचे. का ठेवायचे ते विचारायचं राहून गेलं. दुसऱ्याच्या घरी असल्या गोष्टींसाठी जागा मागता येत नाही. तेव्हा मी ठरवलं, रविवारच्या आत अशी शिडी घरात आणायची की जावईबापूंना बोट ठेवायला जागाच राहू नये.

शिडी कशी निवडू नये याचं शिक्षण मला नुकतंच वाचनालयात मिळालं होतं. आमच्याकडची कपाटं नऊ फूट उंच. सगळ्यात वरच्या फळीला अकरा वर्षांत माझा हात लागलेला नाही. तिथलं पुस्तक कुणी मागितलं की मी 'बाहेर गेलंय' म्हणून सांगते. (हे तुमच्या-माझ्यात.) माझ्या पडण्याची बातमी समितीपर्यंत पोचली, आणि समितीने एकाच बैठकीत एक अख्खा निर्णय घेतला. चिटणीसांनी स्वतः टेप लावून कपाट मोजलं, नऊ फूट भरलं, म्हणून नऊ फुटांची शिडी मागवली. चढणाऱ्या माणसालाही उंची असते, त्याला हात असतात, हे सात सभासदांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. (माझ्याही आलं नाही, पण मी समितीत नाही.) शिडी आली, आम्ही ती दोन कपाटांच्या मधे उघडायला गेलो, तर तिचे पाय पसरायलाच जागा नाही. अध्यक्ष म्हणाले, "कपाटं सरकवा." चिटणीस म्हणाले, "भिंतीला ठोकलेली आहेत." अध्यक्ष म्हणाले, "मग भिंत..." आणि चहा आला म्हणून ती भिंत वाचली. आता ती शिडी मागच्या बाजूला पडून असते. समोरच्या इमारतीचा रंगारी सकाळी ती घेऊन जातो, संध्याकाळी आणून ठेवतो, आणि समितीने हे समाजकार्यात धरलंय.

दुसऱ्या खेपेला मी तोंड उघडलं. माझा हात कुठवर पोचतो ते भिंतीवर खडूने दाखवलं आणि तिथून वर जेवढं उरतं तेवढ्यापुरतीच शिडी आणायला लावली. तीन पायऱ्या निघाल्या. तीन! अकरा वर्षं मी तीन पायऱ्यांसाठी खोटं बोलत होते. एक निवृत्त मोजणीदार आहेत, ते दर दोन-तीन महिन्यांनी मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक मागायचे. ते काढून झटकून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मागची तारखांची चिठ्ठी बघितली, तर कोरी.

"बाई, हे पुस्तक कधी बाहेर गेलेलंच दिसत नाही."

"साहेब, ते बाहेर नव्हतं गेलं. मी वर नव्हते गेले."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "तेव्हाच दिलं असतंत तर आज माझ्या गच्चीवर वीस पेट्या असत्या." मी दिवसभर खजील. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली, माझे दोन्ही हात हातात घेतले, म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

एवढी शहाणी होऊन मी घरासाठी शिडी घ्यायला दुकानात गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न वजनाचा केला. मी म्हटलं, मला एका हाताने उचलता आली पाहिजे. तो म्हणाला, शिडीचं नाही, तुमचं. दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. मी सांगितलं. त्याने शंभर किलो झेलणारी पुढे केली, मग माझ्याकडे एकवार बघितलं आणि दीडशेवाली काढली. मी सगळ्या चढून बघितल्या. लाकडी दिसायला खानदानी, पण हलवायला दोन माणसं. लोखंडी स्वस्त, पण करकरते. आमची शेजारीण ती करकर ऐकूनच फोन लावेल. एकीच्या पायऱ्या इतक्या अरुंद की त्यांवर चिमणीने उभं राहावं. शेवटी अ‍ॅल्युमिनियमची पसंत पडली. तीन रुंद पायऱ्या, पायांना रबर, उघडल्यावर खटकन बसणारी अडकण, वर धरायला दांडा. खात्री करायला मी तिसऱ्या पायरीवर उभं राहून त्याच्या पंख्याची दोन पाती रुमालाने पुसली. तिसऱ्या पात्याला हात लावायच्या आत त्याने किंमत उतरवली.

घरी आल्यावर पहिल्यांदा कपाटाच्या माथ्यावर बघितलं. हे गेल्यापासून तिथे कुणी बघितलं नव्हतं. धुळीत सहा बल्ब निघाले, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. (म्हणजे मी बल्ब विकत आणून पडले, तेव्हा माझ्या डोक्यावर सहा होते.) प्रत्येक पुडीवर यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं: स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना. एकावर 'हिची वाचायची जागा'. तो मी अजून लावलेला नाही. तिथला दिवा चालू आहे, तो जाईपर्यंत थांबेन. बाकीच्या पुड्यांचे कागद मात्र तिथेच शिडीवर बसून वाचून काढले, छोट्या जाहिरातींसकट. शिडीवर फार वेळ वाचत बसलं की पायांना मुंग्या येतात, हे शिडीबरोबरच्या कागदावर छापलेलं नाही. छापायला हवं.

तर शिडी उत्तम आहे, मी ठणठणीत आहे, आणि घराला नावं ठेवायला जागा नाही. व्याहीबुवांना नमस्कार सांगा.

तुमची,
विहीण

ता. क. – मी परत पडले. शिडीवरून नाही. शिडी घडी करून दाराशी उभी होती, तिला अडखळून. (उभ्या माणसाचे दीडशे किलो झेलते, आडव्याचा एकही नाही.) घोटा दुधीएवढा सुजलाय. डॉक्टर म्हणाले आठवडाभर पाय टेकवू नका. चढून पडले असते तर बाजू मांडता आली असती. पण बंद शिडीला अडखळून पडलेल्या बाईला एकटं राहू द्या, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तेव्हा एक विनंती. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास तुमचे गुडघे असे धरावेत की मुलाला आणि सुनेला घरातून पाऊल बाहेर टाकता येऊ नये. फार नको, संध्याकाळपर्यंत पुरतील इतकेच. त्याच्या पुढच्या रविवारी मी चालून दाखवते. व्याहीबुवांना यात घेऊ नका, ते हसतील.

ता. क. २ – लबाडी करा असं तुम्हाला सांगायला जीभ रेटत नव्हती, तरी वर सांगितलंच. कारण मागच्या वर्षी मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा दुपारी आपण दोघी तुमच्या खोलीत लवंडलो होतो. डॉक्टरांनी मना केलेल्या बिस्किटांचा डबा आमच्या मुलीने कपाटावर ठेवला होता. तुम्ही बादली उपडी घातलीत, वर चढलात आणि चार खाल्लीत. मी डोळे मिटले होते, झोपले नव्हते. कुणाला बोलले नाही, बोलणारही नाही. पण त्या बादलीचा तळ तडकलाय. तुमचं लक्ष डब्यात, तुम्हाला दिसला नसेल, मला दिसला, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. या पत्राबरोबर एक चपटा खोका येईल. त्यात दोन पायऱ्यांची शिडी आहे, गादीखाली सुद्धा राहील. कुणी विचारलं तर इस्त्रीचं टेबल म्हणून सांगा.

रविवारचं तेवढं बघा. आपण दोघी एका खोलीत राहू लागलो, तर रोज दुपारी मी तरी किती दिवस झोपेचं सोंग घेणार?