सरळ दातांना तार

८ मार्च, रवि.
स्नेहल दातांना तारा लावून आली. डॉक्टरकडून नव्हे, शीतलच्या ब्यूटी पार्लरमधून. शीतल म्हणजे आमच्या चुलतभावाची बायको. परवापर्यंत भुवया कोरायची, आता दंतवैद्य झाली. नुसती शोभेची तार, दातांभोवती जांभळी रबरं. मैत्रीण आणली की रबरं बदलून फुकट. स्ने.नं लगेच पूजाला नेलं.
अख्ख्या घराण्यात सरळ दात हिचे एकटीचे. माझ्या भावाला, अण्णाला म्हटलं, बाप ना तू? तर म्हणतो, "ऱ्हाऊ दे गं. बेळगावात टिळकवाडीतल्या बड्या घरच्या पोरी लावत्यात, माझ्या पोरीनं का लावू नये?" धन्य.

१५ मार्च
शीतलकडे जाऊन कशानं चिकटवलं ते पाहून आले. खोटी नखं चिकटवायचा गोंद. "ताई, वाळल्यावर काय व्हत न्हाय." हिला शाळेत विज्ञान मी शिकवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

१२ एप्रिल, रवि.
स्ने. भाकरी दुधात कुस्करून खाते. गाल आतून सोललाय, हिरडी लाल. काढ म्हटलं तर, "यात्रा झाल्यावर काढते, आत्या. सगळी पावणी येणार, फोटो असत्यात."
गावची लक्ष्मी यात्रा इतक्या वर्षांनी भरतेय, देवीला हिची तार बघायचीय.

२१ एप्रिल, मंगळ. यात्रा.
गावात, कंग्राळीत पाय ठेवायला जागा नाही. घरी पंगतीवर पंगती, मटण. स्ने. नळी फोडायला गेली, ठसका लागला, आणि तार धरणारा दातावरचा एक चौकोनी तुकडा गायब. सगळी पंगत उष्ट्या हातांनी रश्श्यात लोखंड शोधतेय! लोंढ्याचा मामा म्हणाला, "केळी घाला खायाला. जातंय भाईर." शीतल पंगतीतच होती. शांतपणे विचारते, "दुसरा बसवून देऊ?" मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पाहुण्यांनी ऐकलं तेवढं पुरे.
खोकला थांबेना. ताटं तशीच टाकून रिक्षानं बेळगाव.

२२ एप्रिल
तुकडा पोटात आहे, श्वासनळीत नाही. आपोआप जाईल, डॉक्टर म्हणाले. मी, कधी नव्हे ते, हात जोडले. खूप घाबरले होते. केळीवाला मामा आता स्वतःला सर्जन समजतो.

२४ एप्रिल, शुक्र.
दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उरलेली तार काढली. समोरचा एक दात हलतोय. एक रबर घसरून हिरडीच्या आत गेलं होतं, मुळाला आवळत बसलं होतं. आत पू. बाहेरून काही दिसतच नव्हतं. दात शेजारच्यांना बांधून ठेवलाय. राहील की नाही, बघू म्हणाल्या.
बाहेर आल्यावर अण्णा, "पर दिसत हुतं बाकी छान." मी रिक्षाला हात केला.

२७ एप्रिल
स्ने.चा प्रश्न. "आत्या, माझं दात आधी चांगलं हुतं?"
म्हटलं, घराण्यात सगळ्यात चांगले.
"मग कुणी सांगितलं का न्हाय?"
आमच्याकडे वाकडं असेल तेवढंच बोलायची रीत. पोरगी हसताना तोंडावर हात धरते आता. बघवत नाही.

३ मे, रवि.
पार्लरबाहेर नवा फलक. 'लग्नसराईनिमित्त तारेवर मेंदी फुकट'. शीतलला लाज विकत आणून दिली तरी परत करेल.
स्ने. तार लावून घेतलेल्या मैत्रिणींना सांगायला गेली, काढा म्हणून. त्या हसल्या. "तुला सोसलं न्हाय म्हणून आमी काढायचं व्हय?" रडत आली.
संध्याकाळी पूजा आली, तोंड मिटून. स्ने.नं मोबाईलची बॅटरी लावून पाहिलं. एका दाताचं रबर दिसतच नाही.
"उद्या चल डॉक्टरकडं."
"परवा ताईचा साखरपुडा हाय गं. त्येच्यानंतर."
माझ्या जिभेवर बरंच आलं होतं. तोवर स्ने.नं स्वतःचा ओठ वर केला, पूजाचं बोट धरून आपल्या दातावर ठेवलं.
"हलव," म्हणाली. मग घाईनं, "हळू."
पूजानं बोट मागं घेतलं. मग तेच आपल्या दाताला लावून बघितलं. दोघी अजून बाहेर सोप्यात बसल्यात.