इंग्रजीच्या वहीतून आलेली खुर्ची

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (फोनवर वाकलेलं दिसत नाही, म्हणूनही पत्र लिहितो आहे.) मी इकडे बरा आहे; आपण, मामी आणि घरातली सगळी बरी असाल असं धरून चालतो. मामींची पाठ दुखायची थांबली का? गच्चीच्या दाराला नवी कडी बसली का? आणि एक राहूनच जाईल म्हणून आधीच सांगतो. मागच्या पत्रात 'आशीर्वाद' लिहिताना माझ्याकडून 'शि' ऱ्हस्व पडली. पत्र पेटीत टाकल्यावर लक्षात आलं. पेटीत हात घालून पाहिला, पण पोचला नाही. कृपया ती आपल्या हाताने दीर्घ करून घ्यावी, म्हणजे मला झोप लागेल.

आता मुख्य हकीकत. आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि ब्लँकेटं येतात हे आपल्याला ठाऊक आहे. माझं टेबल मागच्या दाराशी, जिथे गाठोडी उतरतात. गाठोडं सोडायचं, डाग आणि फाटलेलं पाहून खुणेची चिठ्ठी लावायची आणि पुढे ढकलायचं. हॉटेलवाले आपल्या सूचना इंग्रजीत पाठवतात. दोन महिन्यांपूर्वी एका गाठोड्यावर 'द ब्लँकेट्स विच मस्ट' एवढं वाचून मी पुढचं 'बॉइल' पाहिलं आणि ब्लँकेटं उकळायला पाठवली. मधला 'नॉट' दोरीच्या गाठीखाली होता. सहा ब्लँकेटं बाहेर आली ती बाहुलीच्या पलंगाला पुरतील एवढी. (मऊ मात्र फार झाली होती. तेही मी नोंदवलं.) त्या दिवशी ठरवलं, इंग्रजी शिकायचं. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर एक वर्ग भरतो, संध्याकाळी सहा ते सात. शिकवणारे मास्तर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे दर तीन मिनिटांनी बोलणं थांबवून ऐकू येतंय ना म्हणून विचारतात.

मास्तरांनी पहिला महिनाभर एकच गोष्ट घोटून घेतली. मराठीत आपण 'जो' म्हटलं की 'तो' येईपर्यंत ऐकणारा जागचा हलत नाही. दोघे हातात हात घालून चालतात. इंग्रजीत तसं नाही. तिथे माणूस आधी एकटा पुढे उभा करायचा, त्याच्या पाठीला 'हू' बांधायचा, वस्तू असेल तर 'विच', आणि मग मागे कॅन, मस्ट, शुड, मे यांपैकी एक जोडायचा. करू शकतो तो कॅन, करावंच लागतं तो मस्ट, करायला हवं तो शुड, आणि करेलही, न करेलही, सांगता येत नाही, तो मे. यांतला कोणी आला की पुढचं क्रियापद निमूट उभं राहतं. त्याला एस चिकटवायचा नाही, टू लावायचा नाही. (आमच्याकडे मॅनेजरबाई आल्या की आम्ही उभे राहतो, तसंच. हे उदाहरण माझं. मास्तरांना आवडलं.) मला नियम कळतो, पण हाताला एसची सवय आहे. एकटा माणूस दिसला की हात आपोआप एस काढतो.

गृहपाठ असा की खऱ्या माणसांवर वाक्यं करायची. मास्तर म्हणतात, पुस्तकातला जॉन नदीत पोहू शकतो की नाही याच्याशी तुम्हाला काय करायचंय, शेजारचा माणूस पाहा. मी कामावरच्या सगळ्यांवर वाक्यं केली. कोणी सुटू नये आणि कोणाला वाईट वाटू नये म्हणून हजेरीपटाच्या क्रमाने केली. एका माणसाला एक पान, वर नाव अधोरेखित. वही कामावरचीच घेतली, बाईंना विचारून. मास्तरांनी ती लाल पेनाने तपासली. बरोबर वाक्याला बरोबरची खूण, चुकलेल्यावर आडवी रेघ. रेघाच जास्त होत्या, ते सोडा.

इथून पुढे जे झालं त्यात माझा दोष किती हे आपणच ठरवावं. वरच्या ऑफिसाने मॅनेजरबाईंकडे प्रत्येक कामगाराबद्दल शेरा मागितला होता. बाईंनी तो तीन आठवडे पुढे ढकलला होता. शेवटच्या दिवशी व्हॅन निघायच्या वेळेला त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांना काय दिसलं? कामावरची वही, हजेरीचा क्रम, सुवाच्य अक्षर, इंग्रजी भाषा आणि वर लाल पेनाने तपासणी. मी अभ्रे पोचवून परत येईपर्यंत त्यांनी खाली सही ठोकून वही रवाना केली होती. मला म्हणाल्या, "तू न सांगता काम करतोस, हे मला फार आवडलं." गृहपाठाचं सांगायचं मी पुढे ढकललं. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा काही आवडलं म्हणाल्या होत्या.

आठ दिवसांनी वरून हुकूम येऊ लागले. वरच्या लोकांनी रेघ मारलेली वाक्यं बाईंनी विचारपूर्वक रद्द केली असं समजून सोडून दिली, आणि खूण केलेली तेवढी अमलात आणली. म्हणजे मामा, ज्याच्याबद्दल माझं इंग्रजी बरोबर आलं तो अडकला. वाळवणाच्या यंत्रावरचा कामगार उभ्या उभ्या झोपू शकतो हे मी अगदी अचूक लिहिलं होतं. त्याच्या यंत्राला दर दहा मिनिटांनी वाजणारी घंटा बसली. व्हॅनच्या ड्रायव्हरवर मला 'मस्ट नॉट' बसवायचा होता, म्हणून सहज 'गाऊ नये' असं केलं. व्हॅनमध्ये तशी पाटी लागली. आता हॉटेलवाले तक्रार करतात की तुमची गाडी आलेली कळतच नाही, आधी गाण्यावरून कळायची. खुद्द मॅनेजरबाईंना एक ते दोन या वेळात कोणी त्रास देऊ शकत नाही, हेही वाक्य बरोबर होतं. तेव्हापासून वरून रोज सव्वा वाजता फोन येतो. आणि स्वतःबद्दल मी लिहिलं होतं की हा स्पेलिंग करू शकतो. म्हणून सगळ्या पाट्या मलाच लिहायला दिल्या. ड्रायव्हरची पाटीही माझ्याच अक्षरात आहे. तो आता माझ्यासमोर मुद्दाम शीळ घालतो. शिळेबद्दल हुकूम नाही.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण रोलरकाकांचं काय झालं ते ऐका. आपणच मला पाच वर्षांपूर्वी त्यांच्या हवाली केलं होतंत, तेव्हा माणूस आपल्याला सांगायला नको. सव्वीस वर्षं ते त्या इस्त्रीच्या मोठ्या रोलरपुढे उभे आहेत. बोट ओलं करून एक थेंब टाकतात आणि त्याच्या आवाजावरून रोलर किती तापला ते सांगतात. मीटर नंतर त्यांच्याशी सहमत होतो. हे मी वहीत पहिल्या ओळीत लिहिलं होतं. पण 'कॅन'पुढे माझ्या हाताने एस काढला आणि मास्तरांनी त्यावर रेघ मारली. आठ तास वाफेत उभं राहावं लागतं हे दुसरं वाक्य. तिथे मी 'टू' घातला, रेघ. राहिलं तिसरं, 'ही इज अ मॅन हू शुड सिट डाउन.' या माणसाने बसायला हवं. संध्याकाळी त्यांचे पाय सुजून चप्पल घालता येत नाही, ते मी रोज पाहतो, म्हणून लिहिलं होतं. त्याला मात्र मास्तरांनी खूण केली, आणि खूश होऊन खाली दुहेरी रेघही ओढली.

मंगळवारी व्हॅनमधून खुर्ची आली. गादीची, हातांची, खाली चाकं असलेली. सोबत हुकूम, की रोलर दुसऱ्याकडे द्यावा आणि यांनी बसून घड्यांवर लक्ष ठेवावं. काकांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "हे तुझ्या वहीतून आलंय म्हणतात, खरं का रे?" मी खरं म्हणालो. ते म्हणाले, "बरं." एवढंच. तेव्हापासून दिवसभर खुर्चीशेजारी उभे असतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. बाईंना सांगून टाकलंय, की सोमवारपासून येणार नाही. नव्या माणसाने रोलर दोनदा जास्त तापवला. चादरींवर पिवळे पट्टे पडले. काकांनी ते वळूनही पाहिले नाहीत. मी बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं, की तो शेरा नव्हता, गृहपाठ होता. बाई म्हणाल्या, "माझी सही असलेला गृहपाठ? हे तू पुन्हा बोलू नकोस. काकांना थांबवता आलं तर थांबव, रोलरचं मी बघते."

तेव्हा मामा, विनंती अशी. काका आपलं ऐकतात. त्यांना एक पत्र घालून सोमवारच्या आत समजवावं. त्यांना काढायचं कोणाच्या मनात नव्हतं, माझ्या तर नव्हतंच. मी रोज त्यांच्या बाजूने जातो आणि घसा खाकरतो, आणि तसाच पुढे निघून जातो. मामींना नमस्कार. लहानांना काय लिहावं ते सुचत नाही, कारण आपल्या घरात आता सगळी माझ्याहून उंच आहेत.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. : पाकीट बंद करायच्या आत हे घडलं. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत काका स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "माझं पान वाच." वही वरून परत आलेली आहे. मी तिन्ही वाक्यं वाचली, रेघ मारलेलीही, आणि प्रत्येकाचा अर्थ सांगितला. थेंबाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बसायला हवं हे बरोबर आहे. पण पाच वर्षं माझ्याशेजारी उभा आहेस. मला मराठीत सांगायला काय झालं होतं तुला, गाढवा? सांगितलं असतंस तर स्टूल घेतलं असतं." त्यांनी स्वतःच गाठोड्यांमागून एक स्टूल ओढलं, रोलरपुढे ठेवलं आणि नव्या माणसाला बाजूला व्हायला सांगितलं. सोमवारचं काही बोलले नाहीत, पण घरची चप्पल नेहमीच्या खिळ्याखाली ठेवून गेले आहेत आणि घरी जाताना कामाचीच घातली आहे, म्हणजे ती घ्यायला तरी येतीलच. चाकांची खुर्ची मॅनेजरबाईंनी नेली. सव्वाच्या फोनला बरी पडते म्हणाल्या. तरी वरची विनंती रद्द समजावी. विनंतीचं पान फाडलं नाही, कारण त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

ता. क. २ : खरं सांगायचं तर मी पत्र लिहायला बसलो तो वेगळ्याच कारणाने, काकांचं निघालं आणि मी त्यातच शिरून बसलो. वहीत हजेरीपट संपल्यावर चार पानं उरली होती. त्यातलं एक मी आपल्यावर केलं. त्यालाही मास्तरांची खूण आहे. पण आता मराठीतच सांगतो. मामा, गेल्या वेळी मी आलो होतो तेव्हा आपण जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपून उतरलात, आणि पेपर उलटा धरून मला हवामान सांगितलंत. हे पत्रही आपल्याला मामी वाचून दाखवत असतील. आपण डोळे दाखवून घ्या. गुरुवारी माझी सुट्टी आहे, साडेआठला दारात येतो, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मामी, तोवर मामांच्या मोटारसायकलची किल्ली तुमच्याकडे ठेवा, आणि हे वाक्यही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.