कापलेला दस्ता

विलिस्टन, ४ ऑक्टोबर

प्रिय लोरेटा,

मी धडधाकट आहे, तेलविहिरीवरचं काम नीट चाललंय. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?

तुझ्या भावानं आपल्या दोघांच्या लेकीला, अ‍ॅडीला रायफल घेतली म्हणे, एका दमात दहा गोळ्यांची! लेकराची पहिली रायफल एका गोळीची असावी, म्हणजे नेम धरायची सवय लागते. पण त्या शहाण्याला कोण सांगणार?

माझ्या बाबांची तशीच छोटी रायफल तिच्यासाठी तयार करत होतो. तिचा कोपरापासून बोटापर्यंतचा हात आठवून तिचा दस्ता, खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, करवतीनं कापून आखूड केला. काल तुम्हा दोघींचा फोटो आला. तिचा हात तुझ्याएवढा झालाय. न कापलेला दस्ता तिला बरोबर बसला असता.

मामानं दिलेली जपून वापर, म्हणावं.

अजून तरी तुझाच,
ऑर्विल